वस्ती झालेला प्लॉट

बीडमध्ये प्लॉट दाखवणारा माणूस कधी वर्तमानकाळात बोलत नाही. "इथून रिंगरोड जाणार, तिथं इंग्लिश स्कूल होणार, अन् त्या बाभळीपाशी मोठा दवाखाना." आपण बाभळीकडे बघतो. बाभळीखाली एक म्हैस रवंथ करत बसलेली असते. तिला यातलं काहीच कुणी कळवलेलं नसतं. 'रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटांवर' या एका ओळीवर किती प्लॉट विकले गेले ते आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हा बीड शहरात रेल्वेच नव्हती. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग कित्येक वर्षं फक्त निवडणुकीत धावायचा. शेवटी १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला गाडी खरोखरची सुटली. पाच मिनिटंवाल्यांपैकी पुष्कळांना स्टेशन कोणत्या बाजूला आहे ते त्या दिवशी कळलं.

म्हणून आमच्या ह्यांना मी निक्षून सांगितलं, की मला 'होणार' नको, 'झालेलं' पाहिजे. वस्ती झालेली पाहिजे.

वस्ती होते कशी, तेही सांगते. नवा लेआउट पडतो. चुन्याच्या रेघा, कोपऱ्याला रोवलेले दगड, मुरमाचा रस्ता आणि कमानीवर झोकदार नाव. प्लॉट पटापट विकले जातात आणि पुढची दहा-पंधरा वर्षं सगळे मालक एकमेकांकडे बघत बसतात. पहिलं घर कुणी बांधायचं? जो बांधतो त्याला लांबच्या खांबावरून बल्ल्या रोवून लाईट ओढावी लागते, पावसाळ्यात मोटारसायकल डांबरी रस्त्यावरच्या टपरीपाशी लावून चिखल तुडवत घर गाठावं लागतं आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, घरात साप कुठंकुठं निघाले, ते जागा दाखवून सांगावं लागतं. हा माणूस बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी असतो, पतसंस्थेचं कर्ज काढलेला. त्याच्यामागून दुसरे गुरुजी येतात, मग ग्रामसेवक, मग कंडक्टर, मग वकील. डॉक्टर आला की भाव दुप्पट होतो. वस्ती झालेल्या कॉलनीत आपण जे जादा पैसे मोजतो ते त्या पहिल्या गुरुजींनी तुडवलेल्या चिखलाचे असतात. गुरुजींना मात्र त्यातला रुपया मिळत नाही.

धानोरा रोडच्या आतल्या अंगाला अशा कॉलन्या पुष्कळ. इथं घर का बांधलं, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच: लेकरांच्या शिक्षणासाठी. आई आणि लेकरं शहरात, बाप गावाकडं शेतात. शनिवारी संध्याकाळी तो ज्वारीचं पोतं, दुधाची कॅन आणि भाजीची पिशवी घेऊन येतो, रविवारी लेकराच्या वह्या उलट्यापालट्या करून बघतो आणि सोमवारी पहाटे परत जातो. इतकं करून घराचा वरचा स्लॅब पडेपर्यंत लेकरू दहावी होतं आणि अकरावीला लातूरला जातं. लातूरहून पुण्याला. शिक्षणासाठी बांधलेल्या घरात मग आजी-आजोबा राहतात आणि नातवाच्या टेबलावर औषधं ठेवतात.

आमच्या घरात प्रत्येकाची अट वेगळी होती. राजुरी वेशीच्या आतल्या जुन्या घरात सासूबाईंचा जन्म गेलेला. २३ जुलै १९८९ला बिंदुसरेला पूर आला आणि पाणी गावात घुसलं, ते त्यांनी पाहिलेलं. त्यामुळं त्यांची अट एवढीच, की नदी दिसता कामा नये. बिंदुसरा पावसाळा सोडून बाकीचे महिने स्वतःच स्वतःला शोधत असते, पण सासूबाईंचा तिच्यावर विश्वास नाही. ह्यांना पूर्वमुखी पाहिजे होता. मला पाणी आणि डांबरी रस्ता. आणि बजेटला तीस बाय चाळीसच्या वर काही सोसणार नव्हतं.

खरं तर राहत्या जागेच्या बाबतीत बीडनं पूर्वी कंजुषी केलेली नाही. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलक इथं मुक्कामाला असताना त्याचा एक दात पडला, तर त्या दातासाठी त्यानं बीडजवळच्या टेकडीवर दगडी मकबरा बांधला. एका दाताला स्वतंत्र बंगला, चारी बाजूंनी मोकळा! आमच्या घरात पाच माणसं, सासूबाईंची कवळी धरून शंभरावर दात, आणि आम्ही बाराशे चौरस फुटांसाठी बँकेच्या दारात.

कागदपत्रांचं काम मी माझ्याकडं घेतलं, कारण ह्यांना समोरच्या माणसाचा चेहरा पाहून विश्वास बसतो. एक एजंट म्हणाला, "मॅडम, गुंठ्यानं घ्या. स्वस्तात पडंल. बॉन्डवर करून टाकू."

"आणि खरेदीखत?"

"होतंय की नंतर. सरकार नियमित करतंच."

तेहतीस बाय तेहतीसचा, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा असा सुटा विकायला १९४७चा तुकडेबंदी कायदा आडवा यायचा, आणि लोक तेव्हापासूनच त्याच्या शेजारून पायवाट पाडत आलेत. एजंटचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला, २०२५मध्ये तुकडेबंदी सैल करायचं सरकारनं पुन्हा जाहीर केलं. सरकारचा स्वभाव आपल्यापेक्षा एजंटला जास्त ठाऊक असतो. तरी मी एनए, सर्च रिपोर्ट आणि खरेदीखत या तीन गोष्टींवर अडून बसले.

मध्येच एके दिवशी हे फार प्रेमळ झाले. "प्लॉट तुझ्याच नावावर घेऊ." मी गहिवरले, माहेरी फोन केला, वडिलांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले. नंतर वकीलसाहेबांच्या टेबलावर उलगडा झाला: बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, २०२१पासून. वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "ती बांधलेल्या घराला आहे, सर. मोकळ्या प्लॉटला नाही." ह्यांचा चेहरा पडला, पण पेढे वाटून झाले होते. प्लॉट माझ्या नावावर आहे.

तर कॉलनी सापडली. रस्ता डांबरी, दारोदार कडुनिंब, दर दुसऱ्या पाटीवर कुणीतरी सर. आणि बरोबर मधोमध एक प्लॉट मोकळा, पूर्वमुखी. मला वाटलं, देवानंच राखून ठेवला. देवानं नव्हे, कॉलनीनं राखून ठेवला होता, हे खरेदीनंतरच्या पहिल्या संध्याकाळी कळलं. हळद-कुंकू वाहायला गेलो तर तिथं मॅच चालू होती. शेजारच्या भिंतीवर कोळशानं स्टंप काढलेले. नारळ फोडायला ठरवलेली जागा नेमकी खेळपट्टीची. बॉलिंग टाकणारा पोरगा थांबला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "काकू, बांधणार कधी?"

"दिवाळीनंतर."

त्यानं मागं वळून ओरडून सांगितलं, "दिवाळीपर्यंत आहे रे!"

मग एकेक वारसदार पुढं आला. समोरच्या सरांची कार तिथं उभी राहायची. डाव्या हाताच्या काकू उन्हाळ्यात कुरडया-पापड तिथं घालायच्या. टँकर आला की तिथंच वळायचा. गणपती तिथं, लग्नाचा आचारी तिथं, तुरीच्या शेंगा वाळत तिथं. सगळे आम्हाला चहाला बोलवायचे आणि चहा संपता संपता म्हणायचे, "घर काय, बांधालच की. घाई कशाला?" नियमानं मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आमच्या लेआउटमध्येही सोडली होती. तिथं आधी मारुती बसला, मग त्याला सभामंडप झाला, मग सभामंडपाला पत्र्याचं शेड. मारुतीला कोण उठवणार? त्यामुळं दहा टक्क्यांचा सगळा भार माझ्या बाराशे फुटांवर.

मोजणीत आणखी एक निघालं. काकूंचं तुळशीवृंदावन अर्धा हात आमच्या हद्दीत. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली आहे, पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमुक नंबरचा प्लॉट. तुळशीचा उल्लेख नाही. ह्यांनी टेप धरून तीनदा मोजलं. काकू तिथंच उभ्या राहून तुळशीला पाणी घालत होत्या आणि डोळ्याला पदर लावत होत्या. तुळशीवर अतिक्रमणाची नोटीस काढणारं सासर आमचं नाही. आमची कंपाउंडवॉल सरळ येते, वृंदावनापाशी आत वळसा घेते आणि पुन्हा सरळ होते. नवा गवंडी आला की आधीच्या गवंड्याला नावं ठेवतो.

बीडमध्ये घराच्या पायाआधी हौदाचा खड्डा घेतात. नळ येतो, पण कधी येईल ते पंचांगात नसतं. म्हणून हौद, गच्चीवर टाक्या, वर बोअर. बोअरसाठी पाणाड्या बोलावला. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो प्लॉटभर फिरला आणि एका जागी नारळ ताडकन उभा राहिला. नकाशात तिथं देवघर होतं. ह्यांनी पाणाड्याला विनवून पुन्हा फिरवलं. नारळ ऐकेना. सोळाव्या शतकात निजामशाहीत शहराबाहेर खजाना विहीर बांधली, ती दुष्काळातही तळ दाखवत नाही असं सांगतात. त्या काळी देवघराचा नकाशा आधी काढत नसावेत. आम्ही देवघर हलवलं. साडेतीनशे फुटांवर धूळ निघाली, चारशेवर ओलसर धूळ निघाली, आणि बोअरवाल्याचा हिशेब फुटावर असल्यामुळं त्याला दोन्हीचा सारखाच आनंद झाला. शेवटी बोटभर पाणी लागलं. सबंध कॉलनीनं येऊन ते चाखलं. "गोड आहे," सर म्हणाले, आणि त्या संध्याकाळी त्यांनी आपली कार पहिल्यांदा स्वतःच्या दारात लावली.

घर झालं, वास्तुशांत झाली. ज्यांची जागा गेली त्या सगळ्यांनी पोटभर जेवून आहेर केला. क्रिकेट पुढच्या गल्लीत सरकलं.

त्या गल्लीत आता कॉलनीतला शेवटचा मोकळा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो. माझ्या कुरडया तिथंच वाळतात, आमची गाडी तिथंच वळते, आणि पोरं तिथंच खेळतात. एखादा एजंट तुम्हाला तो दाखवायला आणेल. पूर्वमुखी आहे, एनए आहे, वस्ती झालेली आहे, हे सगळं तो खरं सांगेल. तरी घेऊ नका. बोअरला पाणी लागायचं नाही, साप फार निघतात, आणि गल्लीच्या तोंडाशी राहणारी बाई भांडखोर आहे. पहिल्या दोन गोष्टी ऐकीव आहेत, तिसरीची खात्री मी स्वतः देते.