आम्रखंडाच्या पाटीवर पालक

मराठी घरात एकदा शिरला की बाहेर न पडणारा पाहुणा म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा. त्यात आधी मोहरी राहते, मग बटणं, मग स्क्रू. झाकण हरवलं की डबा माळ्यावर जातो, पण कचऱ्यात नाही. ‘राहू दे, लागेल कशाला तरी’ हे आईचं वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ते ‘कशाला तरी’ यंदा गच्चीत सापडलं. कुंड्यांना पाट्या हव्या होत्या.

पाट्या ही चैन नव्हे. टोमॅटो, वांगं, मिरची आणि ढोबळी एकाच कुळातली. रोपं दोन पानांवर असताना कोण कुणाचं हे सांगताना भले भले चाचरतात. टोमॅटोचं पान चोळून हुंगलं की निदान तो तरी कबूल होतो. मेथी तीन-चार दिवसांत हजेरी लावते, कोथिंबीर आठ-दहा दिवस तोंड दाखवत नाही. तेवढ्यात कुंडी मोकळी समजून कुणीतरी तिच्यात पुदिना खोचून जातं.

तेव्हा डबे कापून पट्ट्या केल्या. आइस्क्रीमच्या काड्याही आईकडे जुडीने होत्या, पण ओल्या मातीत त्या लवकर कुजतात. मार्करवर ‘पर्मनंट’ छापलेलं असलं तरी ऊन ते वाचत नाही; काही महिन्यांत अक्षर फिकं पडतं. टिकते ती साधी शिसपेन्सिल, कारण ग्राफाइट म्हणजे कार्बन, त्याला उन्हाचं सोयरसुतक नाही. पट्टी आधी पॉलिश पेपरने घासली की झालं. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची पट्टी कापून त्यावर रिकाम्या रिफिलने दाबून लिहिलं, तर शाईचा प्रश्नच मिटतो. कडा मात्र दुमडाव्यात, नाहीतर बोट कापतं.

खरी पंचाईत पाटीच्या मागच्या बाजूची. कापला तरी डबा आपलं पूर्वायुष्य विसरत नाही. आमच्या पालकाच्या पाठीवर ‘आम्रखंड’ आहे. वांग्याला ‘थंड जागी ठेवा’ अशी सूचना आहे. शेजारच्या काकांनी मिरचीची पाटी उलटी वाचली आणि गंभीरपणे म्हणाले, “अहो, हिची मुदत मार्चमध्येच संपली की!” पुदिन्याला बाबांच्या जुन्या टूथब्रशचा दांडा लावलाय. त्यावर नाव सुबक आलंय, पण तो पाहिलेले पाहुणे आमच्याकडे चटणी घेत नाहीत.

एवढं होऊनही माळा पहिल्यांदाच रिकामा झाला आणि आई बेचैन झाली. आता वाल, घेवडा, दोडका लावायचाय. पाट्या आणायच्या कुठून? तिने तडक दोन किलो श्रीखंड मागवलं. बाबांना डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, पण वाटी पुढे करत ते म्हणाले, “पर्यावरणासाठी एवढं तरी करायलाच हवं.”