काळी गुढी

आकाशनिरीक्षणाचा नाद लागलेल्या माणसाचं पंचांग जगाच्या उलटं चालतं. कोजागरीला सगळी सोसायटी गच्चीवर दूध आटवत असते, तेव्हा हा माणूस पडदे ओढून, चंद्राला चार शिव्या घालून झोपतो. कारण त्या उजेडात बाकीचं आकाश पुसून जातं. आणि ज्या रात्री शहाणी माणसं उंबरठा ओलांडायला कचरतात, त्या रात्री हा थर्मास भरून निघतो.

२९ मार्च २०२५ ही रात्र माझ्या मेहुण्याने दोन महिने आधीच मुक्रर केली होती. फाल्गुन अमावास्या. पण पंचांग जसजसं जवळून बघावं तसतशी भानगड वाढत गेली. वार शनिवार, म्हणजे शनी अमावास्या. त्यात त्याच दिवशी शनी कुंभेतून मीनेत जाणार, म्हणजे मकरवाल्यांची साडेसाती संपणार आणि मेषवाल्यांची सुरू होणार. माझी रास मेष.

"पहिल्याच दिवशी स्वतःच्या पायांनी त्याच्या पुढ्यात कशाला जाताय?" बायकोने विचारलं.

"शनी सध्या सूर्याच्या अगदी जवळ आहे. तो आम्हाला दिसणारसुद्धा नाही," मी शास्त्रीय खुलासा केला.

"तुम्हाला तो दिसत नसेल. त्याला तुम्ही दिसता ना?"

यावर खगोलशास्त्राकडे उत्तर नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी पाडवा असल्याने सूर्योदयाला घरात हजर राहायचं, या अटीवर परवानगी मिळाली.

बेत होता ‘मेसिए मॅरेथॉन’चा. शार्ल मेसिए हा अठराव्या शतकातला फ्रेंच धूमकेतूवाला. धूमकेतू शोधताना आकाशात काही धुरकट ठिपके त्याला सारखे फसवायचे. धूमकेतू म्हणून आनंदाने उडी मारावी, तर तो ठिपका महिनाभर जागचा हलत नसे. वैतागून त्याने या फसव्यांची यादीच केली. १७८१ सालच्या शेवटच्या यादीत १०३ नावं होती, पुढे इतरांनी त्याच्याच नोंदींतून ती ११० पर्यंत नेली. म्हणजे ही मुळात ‘इकडे बघून वेळ घालवू नये’ अशी यादी. आज जगभरचे हौशी लोक मार्चमध्ये अमावास्या गाठून, रात्रभर जागून, नेमकं तेवढंच बघतात. त्या दिवसांत सूर्य अशा जागी असतो, की एका रात्रीत जवळजवळ सगळी यादी हाती लागू शकते.

दुर्बीण मेहुण्याची. आठ इंची आरशाची, डॉब्सन पद्धतीची. या पद्धतीचा जनक जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोत वेदान्ती संन्यासी होता. पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूड, जहाजाच्या खिडकीची काच असलं भंगार जमवून तो आश्रमात दुर्बिणी करत बसे आणि रस्त्यावरच्या लोकांना चंद्र दाखवत हिंडे. १९६७ साली आश्रमाने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. मेहुण्याला हा माणूस अतिशय जवळचा वाटतो, कारण त्याचीही बायको तेवढ्यावरच आली आहे.

माझीही एक दुर्बीण आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत घेतलेली, साठ मिलिमीटरची. खोक्यावर ‘५२५ पट मोठे दिसते’ असं छापलं होतं. काय मोठं दिसतं ते छापलं नव्हतं. मेहुण्याने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिच्याभोवती फिरून तो म्हणाला होता, "दाजी, तीपाई झकास आहे." एवढंच. ती या खेपेला घरीच ठेवली, कारण गाडीत जागा नव्हती. चार फुटी नळी मागच्या सीटवर पट्टा लावून आडवी, तिच्या पायाशी भाचा मुडपून बसलेला आणि तिचा लाकडी पाट माझ्या मांडीवर. निघताना मेहुण्याला आठवलं, की जिथे जायचं त्या गावात आमदार निधीतून नवा हायमास्ट लागलाय, त्याचा उजेड अडवायला काळी चादर आहे, पण चादरीला काठी नाही. गॅलरीत एक छान धुतलेली, सरळ वेळूची काठी उभी होती. ती आम्ही गाडीच्या टपावर बांधली. काठी गॅलरीत का उभी असावी, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही.

कात्रजचा बोगदा, नसरापूर फाटा, तिथून आत वेल्ह्याचा रस्ता. पुण्याची माणसं इकडे येतात ती राजगड-तोरण्यासाठी, पाठीला सॅक लावून, उजाडायच्या आत. आम्ही मावळतीला निघालेलो, टपावर काठी आणि आत तोफेसारखी नळी. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "शूटिंग हाय का?" तिठ्यावर ताजा उतारा ठेवलेला होता: नारळ, दहीभात, गुलाल. तो ओलांडू नये म्हणून मेहुण्याने गाडी इतकी बाजूने घेतली, की नळी आतल्या आत घुमली. "आरसे हलले," तो पांढराफटक पडून म्हणाला. विज्ञाननिष्ठ माणसाचं उताऱ्यामुळे झालेलं नुकसान मी प्रथमच पाहत होतो.

गावाबाहेरच्या माळावर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. मॅरेथॉनमध्ये सुरुवातच जिवावरची असते. संधिप्रकाश सरतो न सरतो तोच पश्चिमेचे चार-पाच ठिपके मावळायला लागतात, ते आधी उरकावे लागतात. त्यात देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१ सुद्धा आली. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तिचा प्रकाश आमच्या माळापर्यंत यायला अवघे अडीच किलोमीटर उरले होते, तेवढ्यात मध्ये डोंगर आडवा आला. जागा नकाशात पाहून निवडली होती. नकाशात डोंगर सपाट असतो. खेळ सुरू व्हायच्या आत अर्धा डझन गडी बाद.

अंधारात डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला, की गणती पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सगळ्या विजेऱ्यांना लाल जिलेटिन कागद. भाच्याने मोबाइल काढला की मेहुणा असा ओरडे, की गावातली कुत्री उत्तर देत. त्या लाल उजेडात मी बांधावरून चाललो आणि सरळ चरात पडलो. गुडघ्यापर्यंत माती. "मेसिएसुद्धा १७८१ साली पॅरिसमध्ये बर्फाच्या तळघरात पडला होता, हातपाय मोडले होते," मेहुणा प्रेमाने म्हणाला. वर काढायला हात मात्र भाच्याने दिला.

साडेनऊचा सुमार. मृगातला तेजोमेघ झाला होता, कृत्तिका झाल्या होत्या, पुष्याचा गुच्छ झाला होता. मेहुणा नळीला डोळा लावून आकडे पुटपुटत होता आणि मी लाल उजेडात कागदावर खुणा करत होतो. एवढ्यात बांधापलीकडून आवाज आला.

"कोन हाय रं तिकडं?"

सहा-सात माणसं, हातात काठ्या. एकाने बॅटरीचा पांढराशुभ्र झोत आमच्या तोंडावर मारला.

"लाइट बंद करा! आधी लाइट बंद करा!" मेहुणा किंचाळला.

पुढचे आजोबा शांतपणे म्हणाले, "उजेडाचं भ्या कुनाला असतं, ठावं हाय आमाला."

त्या झोतात मी आमच्या संसाराकडे त्यांच्या नजरेने पाहिलं. शनी अमावास्येची रात्र. लाल दिवे. जमिनीवर होकायंत्र. आकड्यांचा कागद. चहासाठी आणलेली चार लिंबं. गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला मी.

"किती खनलं?" आजोबांनी मला विचारलं.

"गुप्तधनाचा कायदा हाय, २०१३ चा," मागचा तरुण म्हणाला. "जादूटोण्याचा. त्येच्यात हे बी येतं."

हे खरं होतं आणि एरवी मी त्याचं अभिनंदन केलं असतं. मी दुर्बीण, मेसिए, फ्रान्स असं काहीतरी बोलायला लागलो, पण आजोबांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली होती. तिथे हायमास्टकडे तोंड करून वेळूची उंच काठी उभी होती आणि तिच्या टोकाला काळी चादर फडफडत होती.

"उद्या पाडवा हाय," ते अगदी हळू म्हणाले. "आन ही काळी गुढी कुनाच्या नावानं?"

त्या क्षणी मला कळलं, की ती काठी आमच्या गॅलरीत का उभी होती.

आम्हाला सोडवलं ते गुरूने. तो वृषभेत, रोहिणीच्या शेजारी, पश्चिमेला अजून वर होता. मेहुण्याने काहीही न बोलता नळी तिकडे फिरवली आणि आजोबांना म्हणाला, "तुम्ही बघा, मग काय ते ठरवा." आजोबांनी काठी काखेत धरली, एक डोळा मिटला, बराच वेळ गप्प राहिले.

"चार ठिपकं हायेत. एका वळीत."

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच चार चंद्र पाहिले आणि त्यावर पुढे युरोपभर केवढं रणकंदन झालं. आजोबांनी प्रकरण तिथल्या तिथे मिटवलं. "गुरू हाय म्हनल्यावर शिष्य असनारच," ते म्हणाले आणि पुढच्याला जागा दिली.

मग रांग लागली. दर दुसऱ्या माणसाला शनी बघायचा होता. आज तो दिसणार नाही म्हटल्यावर निम्मे नाराज झाले, निम्म्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. २०१३ च्या कायदेवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मीनेला किती वर्सं हाय?" आजोबांना मात्र नळीची गरज फारशी नव्हती. मृगाच्या पट्ट्याला ते तिकांडं म्हणत. सप्तर्षींकडे बोट करून त्यांनी भाच्याला सांगितलं, की ते म्हातारीचं खाटलं आणि ते तीन पळवणारे चोर. भाचा मोबाइलवर तारे ओळखतो. चोर त्याला नवे होते. जाताना आजोबांनी हायमास्टकडे एक रागीट कटाक्ष टाकला, तरुणाच्या कानात काही सांगितलं आणि पाच मिनिटांनी माळावर काळाकुट्ट अंधार झाला. फ्यूज कुठे असते हे गावाला माहीत असतं. काळी गुढी आम्ही लगेच उतरवली.

मध्यरात्रीनंतर कन्या रास. इथे कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांचा जो गुच्छ आहे, तो गणपतीच्या आदल्या दिवशीच्या मंडईसारखा. यादीतल्या पंधरा-सोळा एकट्या त्या पट्ट्यात कोंबलेल्या आणि सगळ्या सारख्या दिसणाऱ्या. एम ८७ च्या पोटातल्या कृष्णविवराचं चित्र २०१९ साली जगभर छापून आलं होतं. आमच्या भिंगात तीच एम ८७ कापसाच्या बोंडासारखी. या ठिपक्यांकडे सरळ बघायचंही नसतं. सरळ बघितलं की ते नाहीसे होतात, जरा बाजूला पाहिलं की डोळ्याच्या कोपऱ्यात उगवतात. तिरप्या नजरेने पाहायची ही कला शिकवायला परदेशी पुस्तकांत पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. मी वाड्यात वाढलो, मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

एम ९१ फारच सुंदर दिसली. मोठी, लांबट, मऊ कडांची. मेहुण्याने तिच्यावर दहा मिनिटं घालवली. मग नळी हलवली, तरी ती तिथेच. नळी आणखी हलवली, ती आमच्याबरोबर आली. भिंगावर चकलीचं तेल लागलं होतं. एक खूण खोडली. पण एम ९१ चा इतिहासच तसा आहे. मेसिएने तिची जागा चुकीची नोंदवली, त्यामुळे ती जवळजवळ दोनशे वर्षं हरवलेली होती. १९६९ साली टेक्सासमधल्या एका हौशी माणसाने त्याची चूक शोधून काढली. चकली मात्र आमचीच.

दीड-दोनच्या सुमाराला दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा गुच्छ चढला. लाखो ताऱ्यांचा तो प्रचंड गोळा मेसिएच्या यादीत नाही, कारण तो पॅरिसहून दिसतच नाही. वेल्ह्याहून चांगला दिसतो. पुण्याजवळ राहण्याचे फायदे जगाला समजावून सांगणं हे आमचं आनुवंशिक काम आहे, त्यामुळे मेहुणा त्यावर इतका वेळ बोलला, की दोन ठिपके डोंगरामागे गेले.

तीनला समोरच्या डोंगरावर वणवा लागला. मार्चमध्ये लागतात. धुराचा पडदा पूर्वेला पसरला आणि आम्ही सतरंजीवर बसून चहा प्यायलो. अशा वेळी मला ल जाँतीय हमखास आठवतो. हा दुसरा फ्रेंच माणूस १७६० च्या मार्चमध्ये घरातून निघाला, पाँडिचेरीहून शुक्राचं सूर्यावरून होणारं अधिक्रमण पाहायला. तो पोचायच्या आत पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली आणि १७६१ चं अधिक्रमण त्याला हलत्या जहाजातून पाहावं लागलं, मोजमाप शून्य. पुढचं आठ वर्षांनी होतं, म्हणून तो इकडेच थांबला. १७६९ च्या जूनमध्ये पाँडिचेरीत सगळं सज्ज होतं आणि ऐन वेळेला ढग आले. अधिक्रमण संपलं, ढग गेले. १७७१ साली तो घरी पोचला, तर तिथे त्याला मृत ठरवून वारस इस्टेटीची वाटणी करत होते.

"आपण तर एकाच रात्रीपुरते आलोय," मेहुणा म्हणाला.

पहाटे पाचला धूर जरा विरला. यादीतला शेवटचा ठिपका, मकर राशीतला एम ३०, क्षितिजावर आला असणार होता. मेहुणा गुडघ्यावर बसून नळी आडवी करत होता, तेवढ्यात रात्रभर रेंज नसलेला माझा फोन वाजला.

"काठी कुठंय?"

मी एम ३० कडे पाहिलं. मकरेची साडेसाती संपली होती.

एकूण हिशेब ६३. त्यातले दोन शंकास्पद. गाडीला काठी बांधत होतो, तर आजोबा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले. त्यांनी काठी बोटाने चाचपली. "हिला घरी गेल्यावर नीट धुवा. काळं फडकं लागलंय," म्हणाले आणि कडुलिंबाची एक मोठी डहाळी नळीशेजारी ठेवली. मागे माळावर हायमास्ट पुन्हा लागला होता. सूर्य वर यायच्या बेतात असताना त्याचा काय उपयोग, कोण जाणे.

आठला सोसायटीत शिरलो. मी काठी खांद्यावर घेऊन वर पाहिलं. सगळ्या गॅलऱ्यांतून गुढ्या बाहेर आलेल्या, आमच्याही. जरीचा खण, साखरेची गाठी, झेंडूची माळ, वर उपडा तांब्या, सगळं यथासांग. फक्त खालची काठी चकाकत होती. नीट पाहिलं, तर माझ्या दुर्बिणीच्या तीपाईचे तिन्ही पाय पूर्ण लांबवून, एकत्र बांधून कठड्याला आवळले होते आणि वरची ५२५ पटवाली नळी मागच्या खुर्चीत आडवी पडली होती.

मेहुणा शेजारी उभा राहून बराच वेळ निरखत होता.

"मी म्हणालो होतो ना, दाजी," तो म्हणाला, "तीपाई झकास आहे."