पंचांग घ्या, अलिबाग बघा

साहित्य: भिंतीवरचं कॅलेंडर, मागे पट्टा असलेल्या चपला, टोपी, सुटे पैसे आणि पाऊणकीचा पाढा. हा शेवटचा ऐवज घरात आजोबांकडे मिळेल. आजोबांनीही टाकून दिला असेल तर मोबाइलवर गुणाकार करा, कोणी बघत नाही.

नवशिक्या माणूस अशी सहल इतिहासाच्या क्रमाने आखतो. आधी १६८०, मग १७२०, मग इंग्रज, मग जेवण. अलिबागेत हा क्रम पहिल्या तासातच मोडतो, कारण मुख्य किल्लाच समुद्रात आहे आणि त्याचं दार कधी उघडायचं ते समुद्र ठरवतो. तेव्हा मांडव्याच्या बोटीचं तिकीट नंतर काढा, आधी तिथी बघा.

हिशोब कोळ्यांचा आहे आणि सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. इथे नवशिक्याला मोह होतो तो अष्टमीचा: भरती सकाळी सहाला, ओहोटी बाराला, वेळ कशी ऐसपैस! पण अष्टमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, त्यामुळे भर दुपारी गुडघ्याएवढ्या पाण्यात पँट वर धरून चालायची तयारी हवी. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाणी लांबवर मागे जातं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. दोन्ही बाजूंनी बेताची तिथी म्हणजे तृतीया-चतुर्थी. पाणीही बऱ्यापैकी उतरतं आणि वेळही सकाळी नऊच्या आसपासची मिळते.

आता कॅलेंडर पुन्हा बघा. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे. हे जुळणारं गणित फक्त तुम्हाला सुचलंय अशा भ्रमात राहू नका, गर्दी असेल. पावसाळ्यात मात्र कुठलीही तिथी चालत नाही.

आठच्या सुमारास किनारा सोडा. घोडागाडीवाल्याला पाण्याचं विचारलंत तर तो सांगेल की पाणी आहे, बसा. परतीच्या वेळीही तो हेच सांगेल, आणि तेव्हा ते खरं असेल. चालायचं ठरलं असेल तर चपला हातात घेऊ नका. ओल्या वाळूतून अनवाणी चालणं रम्य वाटतं, पण पुढे खडक लागतो आणि खडकावर कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या शिंपल्यांची धार पायाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

किल्ल्याजवळ पोचलात की लगेच आत घुसू नका. तटाशी उभे राहून दगडांमध्ये बघा. हे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. नवशिक्याला हे अर्धवट सोडलेलं काम वाटतं. लाट आपटते, पाणी फटींतून आत शिरतं आणि तिथेच त्याचा जोर मरतो. शिवाजी महाराजांनी १६८० साली हे काम काढलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. महादरवाजावर हत्ती, वाघ, मोर कोरलेत. तिथे मान वर करून दोन मिनिटं उभं राहा. मागचे लोक ‘चला पुढे’ म्हणतील, त्यांना जाऊ द्या.

दाराशी तिकिटाचे पैसे मोजताना कुरकुर करायची नाही. या पाण्यावर परवान्याशिवाय फिरायचं नाही हा शिरस्ता कान्होजी आंग्र्यांचा आहे. दस्तक नसलेलं जहाज ते सरळ पकडत. इंग्रजांना दस्तक घेणं कमीपणाचं वाटलं, म्हणून १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन ते याच किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्या मानाने तुमचं तिकीट स्वस्तात पडतंय.

आत चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणेशपंचायतनाचं देऊळ आहे. आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा आहेत. प्रत्येक नवशिक्या या तोफेवर हात ठेवून फोटो काढतो आणि ‘मराठ्यांची तोफ’ असं लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो. टाकण्याआधी तोफेवरची अक्षरं वाचा. लो मूर, यॉर्कशायर असा पत्ता आहे. फोटो टाकायला हरकत नाही, ओळ तेवढी बदला.

पाणी वळलं की निघायचं. ‘अजून पाच मिनिटं’ हे वाक्य इथे महागात पडतं; ज्यांनी ते उच्चारलं त्यांच्यासाठी होड्या असतात.

किनाऱ्यावर परतलात की भूचुंबकीय वेधशाळा लागते. ती वगळून लोक सरळ भेळेकडे वळतात. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने उपकरणांचे काटे बिघडणार, म्हणून तिथले संचालक नानाभॉय मूस यांनी काम अलिबागेत हलवलं. १९०४ मध्ये इथली इमारत उभी राहिली, तीही चुंबकाचा गुण नसलेल्या साहित्यातून. दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांशी नवे जुळवता यावेत. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. ती १९६४ मध्ये बंद पडली, नोंदी अजून चालू आहेत. बघण्यासारखं बाहेरून काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फाटकासमोर उभं राहून पाण्याची बाटली प्या आणि पुढे चला.

हिराकोट हा कान्होजींनी १७२० मध्ये बांधलेला कोट. काळ्या दगडाचा, भक्कम आणि तळ्याकाठी. तो बाहेरूनच बघायचा असतो. आत तुरुंग आहे आणि आतून बघण्याची रीत वेगळी आहे. त्यानंतर गावात कान्होजींची समाधी. ते १७२९ मध्ये गेले. या समाधीपाशी गर्दी नसते. किल्ल्यावर त्यांचं नाव घेऊन घसा बसवणारे तोवर जेवायला बसलेले असतात.

शेवटी इस्रायल आळी. बेने इस्रायल ज्यूंचं मागेन अबोथ हे प्रार्थनास्थळ इथे आहे. तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. बहुतेक घरं १९४८ नंतर इस्रायलला गेली. प्रार्थनास्थळ बघायचं तर शनिवार टाळा. म्हणजे आता संकष्टी हवी, ती शनिवारी नको, आणि तुम्हाला सुट्टी तर शनिवार-रविवारचीच. नवशिक्यांनी इथे रविवारच्या संकष्टीची वाट बघावी. ती वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येते.

फिरताना कोणालाही ‘अलिबागसे आया क्या’ म्हणू नका. या वाक्यावर बंदी घालायला उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नकार दिला, त्यामुळे कायद्याने तुम्ही सुटाल. रिक्षावाला सोडेल याची खात्री नाही.

हंगाम असेल तर परतीच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. भौगोलिक मानांकन मिळालेला हा गोडसर कांदा तिथेच फोडून खायचा असतो. पण आज संकष्टी आहे. विकणारीण एक सोलून हातावर ठेवेल, तिला काय सांगायचं ते बोटीतच ठरवून या.