कर्णाधीन

फ्लॅट घेताना कुणी पाण्याची वेळ विचारतं, कुणी पार्किंग बघतं, कुणी देवघराची दिशा. आमच्या शेजारच्या काकांनी पिशवीतून गुण्या काढला आणि हॉलचे कोपरे तपासले. बिल्डरला वाटलं, वास्तुशास्त्राची नवी शाखा निघाली!

काकांना कर्ण्याचे स्पीकर ठेवायचे होते. कुणी तावडीत सापडलं की ते सांगतात, "चाळीस हर्ट्झचा खर्ज धड वाजवायचा तर कर्ण्याचं तोंड पावणेतीन मीटर व्यासाचं हवं." म्हणजे फरशीपासून स्लॅबपर्यंत. पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनिअरने १९४०च्या दशकात तोड काढली: कर्णा घड्या घालून पेटीत बसवायचा, पेटी कोपऱ्यात सरकवायची, पुढचा कर्णा तुमच्याच भिंतींचा. "म्हणजे हे घरच वाद्य आहे," काका म्हणतात. काकू म्हणतात, "म्हणून खिळा ठोकायची बंदी."

काकांचे कर्णे क्लिप्शच्या कारखान्यातले नव्हेत, ओळखीच्या सुताराने प्लायवुडमध्ये केलेले. तो अजून विचारतो, कपाटाला फळ्या कधी बसवायच्या?

साध्या स्पीकरला ज्या आवाजासाठी पन्नास वॉट लागतात, तो असा कर्णा एका वॉटात देतो. म्हणून काकांचा ॲम्प्लिफायर ३००बी व्हॉल्व्हचा, जेमतेम आठ वॉटचा. केवढी काटकसर! प्लगमधून तो कितीतरी पट वीज ओढतो आणि उरलेल्या विजेची शेगडी करतो, हे बोलायचं नाही. शिवाय पंखा बंद, कारण तानपुऱ्यात घरघर मिसळते. मे महिन्यात त्यांच्याकडे मारवा ऐकणं हे व्रत आहे.

पण तबल्याची थाप पडते तेव्हा मात्र घाम विसरायला होतो. कर्ण्यामुळे स्पीकरच्या पडद्याची हवेवर पकड बसते. तो जरासा हलला तरी पुरतं, त्यामुळे चाट कशी टचकन अंगावर येते. बाजाची पेटी मात्र सर्दी झाल्यासारखी वाजते. हे मी एकदा बोललो, तर काकांनी गायिका गौहरजानची १९०२ची ध्वनिमुद्रिका काढली. "बाई कर्ण्यात तोंड घालून गायली. आत जाताना कर्णा, बाहेर येतानाही कर्णाच हवा!" यावर काय बोलणार?

परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तक्रार केली की मांडणीतली भांडी थरथरतात. काका हातातला घास टाकून, वही-पेन्सिल घेऊन खाली धावले. कोणत्या स्वराला कोणतं पातेलं थरथरतं, ते त्यांना लिहून घ्यायचं होतं.