थरावर थर

स्प्रिंग बूट २०१४ साली आलं ते जावावाल्यांचा सुरुवातीचा छळ कमी करायला. त्याच्या संकेतस्थळावर चार खुणा करायच्या, झिप उतरवायची, चालवायची. ८०८० पोर्टवर टॉमकॅट उभा. नेटवर्क मेहरबान असेल तर चंद्रपुरातल्या भाड्याच्या खोलीतही जमतं.

मग येते थरांची शिकवण. कंट्रोलरने विनंती घ्यायची, सर्व्हिसने नियम लावायचे, रिपॉझिटरीने डेटाबेसशी बोलायचं. कोणी कोणाला ओलांडायचं नाही. नवशिक्या हे इतकं मनावर घेतो, की तेंदूपत्त्याच्या पुड्यांची नुसती यादी दाखवायलाही इंटरफेस, त्याचा एकुलता एक ‘इम्प्ल’ आणि डीटीओ अशी वरात निघते. मधली सर्व्हिस काय करते? वरून आलेलं खाली सरकवते.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसाला त्याचं नवल नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे जातो. कागदावर आर्किटेक्चर देखणं, प्रत्येक थराचं काम वेगळं. फरक एवढाच, स्प्रिंगमध्ये लागेल ती वस्तू फ्रेमवर्क स्वतः हातात आणून देतं. इथे झेरॉक्स दावेदारानेच आणायच्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडलं, आणि ते द्यायला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले. मधले सगळे थर गाळून सर्वांत वरचा थर थेट तळाशी! कोड रिव्ह्यूत हे नक्की नापास झालं असतं. बांबू मात्र विकला गेला.