नळकांडे

नळकांडे हे त्याचं खरं आडनाव नव्हे. ऑस्टिनच्या मराठी मंडळींनी ते त्याला बहाल केलंय आणि आता इतकं रुळलंय की नव्याने टेक्ससला आलेल्या एका जोडप्याने ‘कुठले नळकांडे तुम्ही?’ असं विचारलं, तेव्हा हा बिनदिक्कत ‘कोल्हापूरचे’ म्हणाला. त्याच्या दारात सतत पुठ्ठ्याचं एखादं लांबलचक नळकांडं येऊन पडलेलं असतं, म्हणून हे नाव. आत सिनेमाचं पोस्टर. एकच. चोवीस इंच रुंद, छत्तीस इंच उंच, पातळ कागदात गुंडाळलेलं आणि खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घातलेलं: 137/325. म्हणजे प्रती निघाल्या सव्वातीनशे, त्यातली ही एकशे सदतिसावी. तीनशे सव्विसावी प्रत या पृथ्वीतलावर नाही. नळकांडेच्या आयुष्यातलं सगळं सुख त्या नसलेल्या तीनशे सव्विसाव्या प्रतीत साठवलेलं आहे.

अमेरिकेत ही जात गावोगाव आढळते. वय तिशी-चाळिशीचं, नोकरी बरी, टीशर्ट काळा, भिंती रिकाम्या. भिंती रिकाम्या का, ते पुढे येईलच. पण ऑस्टिन ही त्यांची काशी. 1997 साली इथे अलामो ड्राफ्टहाउस नावाचं थिएटर निघालं, खुर्चीत बसल्या जागी जेवण आणि बिअर आणून देणारं. त्याच्या आश्रयाने टीशर्ट विकणारं मॉन्डो नावाचं एक दुकान सुरू झालं. पुढे जुन्या सिनेमांचे खास खेळ लावायचे आणि त्यासाठी चांगल्या चित्रकारांकडून नवीन पोस्टरं करून थोड्याच प्रती छापायच्या, असा प्रकार सुरू झाला. टीशर्ट मागे पडले. 2010 साली ऑली मॉस या इंग्रज चित्रकाराने ‘स्टार वॉर्स’च्या तीन सिनेमांची तीन पोस्टरं केली, एकेका पात्राच्या डोक्याची बाह्यरेषा आणि तिच्या पोटात सगळा सिनेमा. त्यानंतर ही पोस्टरं म्हणजे वेड झालं. ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहातही मॉन्डोची पोस्टरं गेली. हे वाक्य नळकांडेच्या तोंडून आजवर ज्याने ऐकलं नाही, तो त्याच्या घरी जेवायला गेलेला नाही एवढंच समजावं.

मुळात पोस्टर विकत घ्यायचं तर दुकानात जावं, पैसे द्यावेत, घेऊन यावं. पण एवढं सोपं असतं तर नळकांडे टपालाची तिकिटं जमवत बसला असता. पोस्टर अमुक दिवशी निघणार हे कळतं, वेळ कळत नाही. दिवसभरात कधीही, एका ओळीची सूचना फोनवर येते आणि पुढच्या मिनिटाभरात, कधी कधी त्याच्याही आत, सगळा माल संपतो. त्यामुळे त्या दिवशी नळकांडे अंघोळीलासुद्धा फोन घेऊन जातो. क्रेडिट कार्डाचा सोळा आकडी नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे त्याला तोंडपाठ आहेत. लग्नाची तारीख मात्र वहिनींना आठवण करून द्यावी लागते.

गेल्या गणेशोत्सवात आम्ही सगळे एकांकडे आरतीला जमलो होतो. आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली सुरू झाली, सगळे मुठीत फुलं धरून डोळे मिटून उभे. नळकांडेचा खिसा थरथरला. त्याने फुलं डाव्या मुठीत घेतली, उजव्या हाताने फोन काढला आणि अंगठा असा चालवायला लागला की शेजारच्याला वाटावं, हा जप करतोय. पोस्टर टोपलीत पडलं. पत्ता भरला. मग त्या वेबसाइटने, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा म्हणून, ज्या ज्या चौकोनात रस्त्यावरचे सिग्नल दिसतात ते सगळे दाबायला सांगितलं. एका चौकोनात सिग्नलचा नुसता खांब होता. खांब धरायचा की सोडायचा? या तात्त्विक प्रश्नावर तो क्षणभर अडला आणि तेवढ्यात माल संपला.

‘गेलं!’ तो ओरडला.

मंत्रपुष्पांजली थांबली. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक आजोबा डोळे उघडून, आवाज खाली आणत म्हणाले, ‘अरेरे. कोण? आपल्यापैकी कोणी?’

नळकांडेच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा गैरसमज कोणी दूर केला नाही.

तासाभरात तेच पोस्टर लिलावाच्या साइटवर चौपट भावाने दिसायला लागतं. विकणाऱ्याच्या हातात अजून नळकांडं पडलेलंही नसतं. या लोकांना तिथे फ्लिपर म्हणतात, नळकांडे त्यांना ब्लॅकवाले म्हणतो. लहानपणी टॉकीजच्या फाटकाशी दबक्या आवाजात भाव पुकारणारी माणसं त्याने पाहिली आहेत, त्यामुळे हा शब्द उच्चारताना त्याच्या कपाळावरची शीर उठते. आता मागच्या वर्षी त्यानेही एक पोस्टर पन्नासाला घेऊन दोनशे दहा डॉलरला काढलं, ही गोष्ट खरी. पण ती विक्री नव्हती. ‘मी निधी उभा करत होतो,’ असं त्याने मला शांतपणे समजावलं. ब्लॅकवाला हा नेहमी दुसरा असतो.

आकड्यांचं प्रकरण तर वेगळंच. नळकांडेला पक्कं ठाऊक आहे की 137 म्हणजे छापताना एकशे सदतिसावी निघालेली प्रत नव्हे. सगळे रंग पडून गठ्ठा तयार झाला की मग कोणीतरी बसून पेन्सिलीने आकडे घालत जातं, त्यात क्रम बिघडलेला असतोच. म्हणजे 1 या आकड्यात आणि 325 मध्ये छपाईच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. हे तो स्वतःच सांगतो. पण एकाच पोस्टरची दोन रूपं निघतात, एक साधं आणि एक वेगळ्या रंगातलं, कमी प्रतींचं, त्याला व्हेरियंट म्हणायचं. साध्यावर 137 आला तर व्हेरियंटवरही 137 हवा, ही त्याची जिद्द. त्यासाठी त्याने ओहायोतल्या एका अनोळखी गृहस्थाशी कित्येक महिने पत्रव्यवहार केला. त्या गृहस्थाकडे 137 होता, पण त्याला 52 हवा होता. 52 पोर्टलंडमधल्या एकाकडे होता आणि त्याला पोस्टर नकोच होतं, त्याला पैसे हवे होते. तीन घरांचा हा साटंलोट्याचा व्यवहार जमवताना नळकांडेने जी मुत्सद्देगिरी दाखवली, तिच्या निम्मी ऑफिसात दाखवली असती तर आज तो डायरेक्टर असता. असं वहिनी म्हणतात. मी फक्त सांगतोय.

वहिनींना प्रत्येक पोस्टर ‘गुंतवणूक’ म्हणून सांगितलं जातं. पुरावा म्हणून ‘मेट्रोपोलिस’चं उदाहरण येतं. 1927 सालच्या त्या जर्मन सिनेमाचं मूळ पोस्टर 2005 साली सहा लाख नव्वद हजार डॉलरला विकलं गेलं होतं. वहिनी हिशेबाच्या पक्क्या आहेत. त्यांनी विचारलं, ‘त्याच्या उरल्यात किती?’ हा म्हणाला, ‘चारेक.’ ‘मग बाकीची कशी संपली?’ ‘भिंतींवर लावली गेली ना!’ ‘आणि तुमच्या सव्वातीनशेपैकी भिंतीवर लागतात किती?’ नळकांडे गप्प. सव्वातीनशेच्या सव्वातीनशे प्रती कोणा ना कोणाच्या कपाटात सुखरूप आहेत आणि कयामतपर्यंत सुखरूप राहणार आहेत, ही या गुंतवणुकीतली गोम त्याला कळत नाही असं नाही.

भिंती रिकाम्या असण्याचं कारण हेच. पोस्टर लावायचं म्हणजे फ्रेम आली, फ्रेम म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच आली, आम्ल नसलेला पुठ्ठा आला. पन्नास डॉलरचं पोस्टर आणि अडीचशेची फ्रेम. आणि एवढं करूनही उजेडाने रंग उडतोच, थोडासा का होईना. त्यापेक्षा नको. म्हणून पाहुण्यांच्या खोलीत वास्तुविशारदांकडे नकाशांसाठी असतं तसलं रुंद, उथळ खणांचं लोखंडी कपाट आहे. पाहुण्यांचा पलंग त्यामुळे भिंतीला असा चिकटलाय की आतल्या बाजूला झोपणाऱ्याने रात्री उठायचं नाही, असा घरचा नियम आहे.

दर्शनाचा विधी असतो. हात धुवायचे, पुसायचे, घड्याळ आणि अंगठ्या काढायच्या. चहा दाराबाहेर ठेवायचा. मग पांढरे सुती हातमोजे घालून हा खण ओढतो आणि दोन हातांनी दोन कोपरे धरून पोस्टर उचलतो. एकदा त्याने अंधारात चमकणाऱ्या शाईचं एक पोस्टर दाखवलं. दिवे घालवले. आम्ही चार मोठी माणसं आणि एक शेंबडं पोर त्या कपाटाभोवती काळोखात उभे. काही चमकेना. अशी शाई आधी उजेड पिते आणि मग तो अंधारात सोडते, आणि हे पोस्टर खरेदीच्या दिवसापासून खणातून बाहेरच आलेलं नव्हतं. ‘जरा दिव्याखाली धर की,’ मी म्हटलं. ‘उजेडात?’ त्याने असं विचारलं, की मी दिलगिरी व्यक्त करून चहाकडे गेलो.

पण एक सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. वस्तू सुंदर असते. स्क्रीन प्रिंटिंग म्हटलं की आपल्याला लग्नपत्रिका आणि कापडदुकानाची पिशवी आठवते, आणि पद्धत अगदी तीच आहे. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर चित्राचा साचा, वरून शाई आणि ती ओढायला रबरी पट्टी. एका रंगाला एक जाळी. आठ रंग असतील तर तोच कागद आठ वेळा जाळीखाली जातो, दर वेळी वाळवून, आणि दर वेळी आधीच्या रंगावर केसभरही न सरकता बसावा लागतो. कागद बहुधा मिशिगनमधल्या गिरणीचा, फ्रेंच नावाच्या घराण्याने 1871 साली काढलेली. जाड, किंचित खरबरीत. पोस्टर तिरपं धरलं की शाईचा थर उठून दिसतो, ऑफसेटच्या छपाईत तो कधी दिसत नाही. पिवळ्यावर अर्धपारदर्शक निळा पडून जिथे हिरवा झालेला असतो तिथे नळकांडे बोट नेतो, टेकवत नाही, आणि म्हणतो, ‘हा हिरवा कुठल्याही डब्यातला नाही.’ त्या वेळी तो आकडे, भाव, ओहायो, सगळं विसरलेला असतो. फार वेळ नाही, पण असतो.

त्याच्या आई कोल्हापूरहून आल्या तेव्हा त्यांचा मुक्काम अर्थातच कपाटाशेजारी. त्यांनाही दर्शन घडलं. लोराँ द्युरियो या बेल्जियन चित्रकाराचं ‘जॉज’चं पोस्टर त्याने काढलं. ते त्याचं परीक्षेचं पोस्टर आहे. समुद्रकिनारा, माणसं, ऊन, छत्री. छत्रीची एकच पाकळी काळी आणि तिचा आकार बरोबर शार्कच्या पाठीवरच्या पराचा. ज्याला तो पर आपणहून दिसतो, त्याची नळकांडेच्या मनातली किंमत वाढते. काकूंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

‘छत्री एका बाजूनं फाटलीय व्हय रं?’

मग त्यांनी त्यांच्या माहेरच्या गल्लीतलं सांगितलं. समोरच्या भिंतीवर दर आठवड्याला नवीन सिनेमाचं पोस्टर लागायचं. पोरगा सायकलवर खळीचा डबा घेऊन यायचा, जुन्यावरच नवीन चोपडायचा. ओली खळ असली की गल्लीतली गाय यायची आणि हाताला, म्हणजे जिभेला, लागेल तेवढं खाऊन जायची. ‘हिरो कायम गुडघ्यापर्यंत खाल्लेला असायचा बघ.’ नळकांडे हे ऐकताना हातमोजे घातलेले हात छातीशी धरून उभा होता.

तो ज्या गावचा, त्याच गावात बाबूराव पेंटरांनी 1920च्या दशकात आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. चित्रकार म्हणून ते या द्युरियोंच्या आणि मॉसांच्या पंगतीला कुठेही बसले असते. पण सव्वातीनशे प्रती काढून बाकीच्या गावाला सिनेमा कळू द्यायचा नाही, हा धंदा त्यांना सुचलाही नसता.

2022 साली मोठ्या डोक्याच्या बाहुल्या करणाऱ्या फन्को कंपनीने मॉन्डो विकत घेतली, तेव्हा नळकांडेच्या घरी सुतक आल्यासारखं होतं. ‘आता पूर्वीसारखं राहणार नाही,’ असं तो येईल त्याला सांगत होता, आणि त्याच संध्याकाळी पूर्वीची तीन पोस्टरं घेऊन मोकळा झाला, कारण आता ती आणखी दुर्मीळ होणार. पण त्याचा खरा शत्रू वेगळा आहे. हल्ली काही जण पोस्टर ठरावीक मुदतीसाठी खुलं ठेवतात. तीन दिवस, समजा. तेवढ्यात जेवढ्या मागण्या येतील तेवढ्या प्रती छापायच्या. ना धावपळ, ना सिग्नलचे खांब, ना ब्लॅकवाले. सभ्य माणसाला आणखी काय हवं? नळकांडेला हे लांच्छन वाटतं. ‘मग कोणीही घेईल!’

नेमकं ‘जुरासिक पार्क’चं पोस्टर असं निघालं. हा सिनेमा त्याने लहानपणी कोल्हापुरात हिंदीत पाहिला आणि नंतर किती वेळा याला गणती नाही. चित्र अप्रतिम, चित्रकार त्याच्या आवडीचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, घेणार नाही. दुसऱ्या दिवशी मला दोनदा फोन करून म्हणाला, अजिबात घेणार नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मुदत संपायला काही मिनिटं राहिली असताना त्याने घेतलं. दोन घेतली.

‘दोन कशाला?’ मी विचारलं.

‘एक ठेवायला.’

मला खरोखर आनंद झाला. ‘म्हणजे दुसरं लावणार!’

‘येडा आहेस का? दुसरंही ठेवायलाच. पहिल्याला काही झालं तर?’