ब्रेकडाउनवाले नाना

कारखान्यात प्रॉडक्शनवाल्याला मशीन चालू असलं की बरं वाटतं. मेन्टेनन्सवाल्याचं उलटं असतं. लाइन सुरळीत चालली असेल त्या दिवशी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही; वर कॅन्टीनमध्ये पाच मिनिटं जास्त बसला तर ऐकून घ्यावं लागतं. पण तिसऱ्या पाळीत, रात्री दोनला कन्व्हेयर बंद पडू द्या. तोच माणूस, तोच पाना, पण आता भोवती प्लांट हेडपासून ट्रेनीपर्यंत सगळे हात बांधून उभे. एकानं टॉर्च धरलेला, दुसऱ्यानं चहा आणलेला. तळेगाव-चाकण पट्ट्यात अशी पंचवीस-तीस वर्षं काढलेली माणसं आता घरी बसू लागली आहेत. काही जण मावळात तुकडा घेऊन आंबे लावतात. काही जण सोसायटीचे सेक्रेटरी होतात, त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी. आमच्या नानांनी घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं.

तळेगाव स्टेशन भागात त्यांच्या सूनबाईंचं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, क्लासची हँडबिलं, वाढदिवसाचे फ्लेक्स, डोळसनाथ महाराजांच्या उत्सवाची पत्रकं. दुकानात दोन टेबलं. पुढच्या टेबलाशी सूनबाई बसतात आणि तिथे गिऱ्हाईक असतं. मागच्या टेबलाशी नाना बसतात आणि तिथे कॉम्प्युटरचं पोट उघडं असतं.

दुकान सुरू झालं तेव्हा नानांनी एकच अट घातली होती: चोरीचं सॉफ्टवेअर आत येणार नाही. ही अट ऐकायला साधी वाटते, पण आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या डीटीपीच्या धंद्यात ती घालणं म्हणजे वडापावच्या गाडीवर तेल वर्ज्य करणं. कोरल आणि फोटोशॉप आपल्याकडे दुकानातून येत नाही, मित्राच्या पेन ड्राइव्हमधून येतं, सोबत ‘क्रॅक’ नावाचं फोल्डर घेऊन. त्यातून 2013 पासून फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीनं नवी आवृत्ती कायमची विकायचीच बंद केली. दर महिन्याला भाडं भरा आणि वापरा. पत्रिकांचा धंदा लग्नसराईपुरता, भाडं मात्र बारा महिने. म्हणून आपल्याकडे फुकटच्या सॉफ्टवेअरची लढाई विकतच्या सॉफ्टवेअरशी कधी झालीच नाही. ती झाली फुकटाचीच फुकटाशी, आणि त्यात चोरीचं फुकट ओळखीचं होतं. नानांनी या बाबतीत ताठ कणा दाखवला, आणि त्याबद्दल मला त्यांचा खराखुरा आदर आहे. पुढे जे लिहितो आहे ते या आदरासकट वाचावं.

कारण अट घालून झाल्यावर नानांनी फोटोशॉपऐवजी मुक्त, फुकटचं जिम्प उघडलं, कोरलऐवजी तसलंच इंकस्केप उघडलं, दोन्ही पहिल्या झटक्यात चालू झाली, आणि नानांचा चेहरा पडला.

‘‘हे चालतंय की,’’ ते म्हणाले. रविवारी कामावर बोलावून मशीन ठीक असल्याचं कळलं की फिटर ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात.

दोन दिवसांनी त्यांनी कपाटातून डबा काढला. मुलानं परदेशातून आणलेलं फोटोशॉप सीएस3. खरं, पावतीसकट, 2007 सालचं. चोरीचं नाही, म्हणजे अट मोडत नव्हती. ते विंडोजसाठी होतं, आणि नानांच्या घरात विंडोज नव्हतं. नानांच्या डोळ्यांत कन्व्हेयर बंद पडल्याची चमक मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

विंडोजचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायला ‘वाईन’ नावाची व्यवस्था असते. (या नावावर करता येण्यासारखे सगळे विनोद काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नींनी, पहिल्या आठवड्यातच संपवले, त्यामुळे मी करत नाही.) ती काय करते हे नानांनी मला त्यांच्या पद्धतीनं समजावलं. ‘‘आमच्याकडे जपानी साहेब यायचे ना, त्यांच्याबरोबर दुभाषी बाई असायच्या. साहेब जपानीत काही मागायचे, बाई आम्हाला मराठीत सांगायच्या, आम्ही पाना द्यायचो. साहेबाला वाटायचं सगळ्यांना जपानी येतं. फोटोशॉप म्हणजे साहेब. ते विंडोजकडे मागतं, वाईन ते लिनक्सला सांगतं.’’ मी विचारलं, साहेब रागावले तर? नाना म्हणाले, ‘‘तिथेच तर मजा आहे.’’

ती मजा मी वर्षभर पाहतो आहे. फोटोशॉप उघडतं, पण ब्रशचं वर्तुळ दिसत नाही. वर्तुळ दिसायला लागलं की फॉन्टची यादी रिकामी होते. यादी भरली की खिडकी काळी पडते. मग नाना कुठलीशी डीएलएल फाइल आणून बसवतात, वाईनची आवृत्ती खाली उतरवतात, पुन्हा चढवतात. हे सगळं ते वहीत लिहितात: तारीख, वेळ, लक्षण, उपाय, सही. खाली दुसऱ्या सहीसाठी जागा सोडलेली असते. ती कोणाची हे मी विचारलेलं नाही. काकू म्हणतात, ‘‘रिटायर झाले, पण ह्यांची थर्ड शिफ्ट काही सुटली नाही.’’

वाईनवाल्यांनी एक मोठी यादी केली आहे. कोणतं सॉफ्टवेअर किती चालतं त्यावरून त्याला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी पदकं, आणि अजिबात न चालणाऱ्याला ‘गार्बेज’. कुठलाही शहाणा माणूस या यादीतलं प्लॅटिनम शोधतो. नाना थेट शेवटून वाचतात. वाईनचं काम 1993 मध्ये सुरू झालं आणि 1.0 ही आवृत्ती आली 2008 मध्ये. हे सांगताना नानांना गहिवरून येतं. ‘‘पंधरा वर्षं ट्रायल! याला म्हणतात कमिशनिंग. आमच्याकडे पंधरा दिवस देत नव्हते.’’

त्यांचा एक शोकदिवसही आहे. 1999 मध्ये कोरेल कंपनीनं स्वतःचं लिनक्स काढलं आणि पुढच्या वर्षी कोरल ड्रॉ 9 लिनक्सवर आणलं. खुद्द कंपनीनं, वाईनच्याच आधारानं. आपल्या पत्रिकावाल्यांचं लाडकं कोरल, लिनक्सवर, राजरोस! त्याच 2000 सालच्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनं कोरेलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर घातले, आणि पुढच्या वर्षी कोरेलचा लिनक्सचा संसार आटोपला. पानिपताबद्दल बोलावं तसं नाना यावर बोलतात. ‘‘थोडं टिकले असते तर आज पुण्यातला अख्खा अप्पा बळवंत चौक लिनक्सवर असता.’’ मला ते तितकंसं पटत नाही. अप्पा बळवंत चौक तेव्हाही पेन ड्राइव्हवरच चालला असता. फार तर तेव्हा पेन ड्राइव्ह नव्हते, सीड्या होत्या.

आता वाचक विचारील, की एवढ्या खटपटीनंतर फोटोशॉप लागलं का? लागलं. अनेकदा लागलं. लागल्याबरोबर नाना मागे टेकून बसतात, एक कोरी फाइल उघडतात, तिच्यावर एक रेघ ओढतात, समाधानानं मान हलवतात, आणि बंद करतात. फोटोशॉपात त्यांनी रेघेपलीकडे काही काढलेलं मी पाहिलेलं नाही. एकदाच त्यांनी खरं काम अंगावर घेतलं. एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. सूनबाई माहेरी गेल्या होत्या. नानांनी रात्री जागून फोटोशॉप लावलं, फोटो बसवला, मजकूर टाकला. सकाळी प्रूफ गेलं आणि दहाव्या मिनिटाला फोन आला. फ्लेक्सवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: ‘हार्‌दकि शुभेच्‌छा’.

आता यात नानांचा दोष नाही, वाईनचाही नाही. त्या काळच्या फोटोशॉपला युनिकोड देवनागरीची जुळणीच येत नसे. ऱ्हस्व वेलांटी टाइप करताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी दिसायला हवी, हे त्याला माहीत नव्हतं. जोडाक्षरं तर सुटी पडायची. म्हणून तर आपल्याकडे पुण्याच्या श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर आली, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. छापायला सुंदर, पण फॉन्ट नसलेल्या मशीनवर तोच मजकूर उघडला की आजोबांच्या नावाच्या जागी कंस, टक्के आणि डॉलर. जिम्प आणि इंकस्केप मात्र अक्षरजुळणी हार्फबझ नावाच्या मुक्त यंत्रणेकडून करून घेतात, आणि ती मराठी बरोबर मांडते. म्हणजे साहेबाच्या महागड्या सॉफ्टवेअरला जे जमत नव्हतं ते पुढच्या टेबलावर फुकट चालू होतं. सूनबाईंनी माहेरहून फोनवर शेजारच्या मुलाला सांगितलं, जिम्प उघड, मुक्ता फॉन्ट घे. अर्ध्या तासात ‘हार्दिक’ झालं.

सूनबाईंची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच आहे. त्यांना फोटोशॉप येत नव्हतं, म्हणून ते विसरायचा त्रास पडला नाही. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचे धडे आहेत, फुकट, आणि मराठीतसुद्धा. ते लावून, बाजूला कणीक भिजवून, त्या जिम्प आणि इंकस्केप शिकल्या. कटकटी त्यांनाही आहेत. गिऱ्हाईक कोरलची जुनी सीडीआर फाइल घेऊन येतं, ती इंकस्केपमध्ये उघडते पण मजकूर विस्कटतो. इंकस्केप पडद्याच्या रंगांत विचार करतं, छापखाना शाईच्या. पडद्यावरचा झळझळीत भगवा ऑफसेटला मळकट उतरला तर मंडळाचे कार्यकर्ते ते तांत्रिक कारण म्हणून ऐकून घेत नाहीत. काळी अक्षरं चार शाईंत फुटली तर बारीक मजकुराला सावली येते. त्यासाठी त्या शेवटचा टप्पा स्क्रायबस या पानं मांडायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करतात आणि अक्षरं कर्व्ह करून पीडीएफ देतात. छापखानेवाला अजून दर वेळी म्हणतो, ‘‘ताई, कोरलमध्ये द्या ना.’’ ताई दर वेळी पीडीएफ देतात. 2025 च्या मार्चमध्ये जिम्पची तिसरी आवृत्ती आली तेव्हा तळेगावात बहुधा एवढ्या एकाच बाईला त्याचा उपयोग झाला. फिल्टर लावल्यावर मूळ चित्र शाबूत राहतं, गिऱ्हाइकाचं मन बदललं की पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.

नानांना या सगळ्याचं तोंडभर कौतुक आहे, पण रस नाही. फ्लो नावाच्या लाटव्हियन सिनेमाला त्याच मार्चमध्ये ऑस्कर मिळालं, आणि तो ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केलेला होता. मी धावत जाऊन नानांना सांगितलं. ‘‘चांगलं आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण ब्लेंडर लिनक्सवर सरळ चालतं हो. त्यात आपण काय करायचं?’’ त्याउलट व्हिडिओ जोडायचं दाविंची रिझॉल्व्ह त्यांना फार आवडतं. ते अधिकृतपणे लिनक्सवर मिळतं, पण फुकटची आवृत्ती तिथे मोबाइलचे नेहमीचे व्हिडिओ घेत नाही. आधी सगळे दुसऱ्या साच्यात बदलून द्यावे लागतात. कुणाच्या तरी मुंजीचे व्हिडिओ बदलण्यात नानांनी अख्खा श्रावण सुखात घालवला.

मी एकदा त्यांना टोकलं, की घरचं चालत असताना विलायती फोटोशॉपचा एवढा सोस कशाला. तळेगावचा माणूस स्वदेशीचा विषय काढला की काच कारखान्यावर येतोच, तसे नाना आले. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं, 1908 मध्ये इथे काच कारखाना निघाला. ‘‘तेच हे,’’ नाना म्हणाले, ‘‘प्रत्येकानं पैसाभर काम द्यायचं, माल सगळ्यांचा.’’ मुक्त सॉफ्टवेअरचं याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही. पण मी म्हटलं, नाना, पैसाफंडवाल्यांनी ईश्वरदास वार्ष्णेयांना बोलावलं, ते परदेशात विद्या शिकून आलेले. त्यांनी विद्या आणली आणि काच इथे केली. विलायती काच आणून ती आपल्या भट्टीत चालते का, हे बघत बसले नाहीत. तुमच्या दुकानात काच करणारं टेबल पुढचं आहे.

नाना बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, लागलं. मग ते म्हणाले, ‘‘अहो, पण विलायती भट्टी बंद कशानं पडते हे आतून बघायला मिळालं, तर सोडायचं का?’’

यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर वाईनसुद्धा असल्याच माणसांनी उभं केलं आहे. गोल्डला हात न लावता गार्बेजशी झुंजणारी माणसं जगभर नसती, तर ती यादी अजून सगळीच गार्बेज असती. 2025 च्या अखेरीस अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर कॅनव्हा कंपनीनं सगळ्यांना फुकट करून टाकलं. लिनक्सची आवृत्ती मात्र काढली नाही. नानांनी नवी वही घातली आहे.

तेव्हा तळेगावात कुणाला पत्रिका करायची असेल तर खुशाल या दुकानात जा, फक्त पुढच्या टेबलाशी बसा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून न्या, श्रीलिपीत नको. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर नवरदेवाचं नाक फुटतं. आणि वाट बघताना मागच्या टेबलाकडे वळून ‘‘काय नाना, चालतंय का?’’ असं चुकूनही विचारू नका. चालत असलं तर त्यांना वाईट वाटतं, आणि चालत नसलं तर तुमची शेवटची लोकल जाते.